पडद्यामागचे पाणी दिवस मोजते

डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, जागेवरून सुटला की त्याच्या मागे पाणी साचते. शस्त्रक्रियेत ते बाहेर काढताना किती जुने आहे याचा अंदाज शल्यविशारदाला बराचसा नजरेनेच येतो. ताजे असेल तर पातळ आणि नितळ. आठवडे उलटले असतील तर प्रथिने वाढून घट्ट, चिकट. प्रयोगशाळेत त्याचा थेंब तपासला की हिशेब आणखी उघड होतो. मरत चाललेल्या प्रकाशग्राही पेशींचे तुकडे, ते गिळायला आलेल्या भक्षक पेशी, फुटलेल्या पेशींतून सांडलेली विकरे, रंगद्रव्याने भरलेल्या तपकिरी पेशी, असा सगळा ऐवज त्यात सापडतो आणि दिवसागणिक बदलत जातो. नेत्रविज्ञानाने गेल्या पन्नास वर्षांत या पाण्याचा कसून अभ्यास केला. त्यातून भंडारा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने एकच गोष्ट उचलावी, एवढाच या लेखाचा आग्रह आहे: पडदा सुटण्याचा आजार दिवसांत मोजावा. पहिले लक्षण कधी दिसले, डोळा पहिल्यांदा कुणी कधी तपासला आणि शस्त्रक्रिया कधी झाली, या तीन तारखांमधले अंतर कमी करणे हाच त्यावरचा आपल्या हातातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे. तो नागपूर किंवा मुंबईवर जितका अवलंबून आहे, त्याहून जास्त तुमसर, पवनी आणि लाखांदूरवर अवलंबून आहे.

हे पटण्यासाठी डोळ्याच्या आत काय घडते ते थोडे सविस्तर पाहायला हवे. निरोगी डोळ्यात पडदा त्याच्या मागच्या रंगद्रव्य-पेशींच्या थराला टेकलेला असतो. दोघांना जोडणारी भक्कम शिवण नसते. मागचा थर मधले पाणी सतत उपसून रक्तवाहिन्यांकडे ढकलत असतो आणि मुख्यतः त्या ओढीनेच पडदा जागेवर राहतो. प्रकाशग्राही पेशींना प्राणवायू आणि पोषण याच बाजूने मिळते. त्यांच्या टोकांचा सुमारे दहावा हिस्सा रोज झडतो. तो गिळून पचवण्याचे कामही हाच थर विकरांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या मदतीने करतो. वय वाढले, चष्म्याचा उणे नंबर मोठा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली किंवा डोळ्याला जोराचा मार बसला, की डोळ्यात भरलेला पारदर्शक गर पडद्यापासून अलग होताना कधी कधी पडदा फाडतो. पातळ झालेला गर त्या भोकातून मागे शिरतो आणि पडदा उचलला जातो. भोक हेच आजाराचे मूळ आहे, ते बंद केले तर पडदा परत बसतो, हे स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातल्या ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले. त्याआधी या आजाराचा डोळा वाचणे हा निव्वळ योगायोग होता. पुढे १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी अमेरिकेतल्या मायामीत डोळ्यातला गर यंत्राने कापून काढण्याची पद्धत बसवली आणि आज पडदा बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया दहांपैकी साधारण साडेआठ-नऊ जणांत यशस्वी होते. शल्यकौशल्याची बाजू अशी भक्कम आहे. कच्ची आहे ती त्याआधीची बाजू.

पडदा उचलला गेल्या क्षणापासून प्रकाशग्राही पेशी आपल्या पोषणापासून तुटतात. मांजरांवर केलेल्या बारकाईच्या प्रयोगांत पहिल्याच दिवसात या पेशींची टोके विस्कटू लागल्याचे आणि आधारपेशी चाळवल्याचे दिसले. पेशींचा मृत्यू तिसऱ्या दिवसाच्या आसपास शिखर गाठतो. माणसाच्या डोळ्यातही याच प्रकारचा ठरवून होणारा पेशीमृत्यू आढळला आहे. पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो, सुई ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो, तो अजून चिकटलेला असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी, कारण तोपर्यंत दृष्टी जवळपास पूर्ण वाचते. मधला भागही उचलला गेला असेल तरी पहिल्या तीन दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांची दृष्टी नंतरच्यांपेक्षा सरस राहते, असे एकत्रित विश्लेषणांत दिसले आहे. इथे एक रास्त आक्षेप येतो. अनेक शल्यविशारद सांगतात की मधला भाग गेल्यावर चौथा दिवस की सातवा, याने फार मोठा फरक पडत नाही. रात्री-बेरात्री दमलेल्या हातांनी घाई करण्यापेक्षा सकाळी नीट शस्त्रक्रिया केलेली बरी. ते खरे आहे आणि हा लेख त्या सकाळच्या विरोधात नाही. प्रश्न शस्त्रक्रियागृहातल्या एका रात्रीचा नाही. प्रश्न आहे तो त्याआधी घरात, शेतात, चष्म्याच्या दुकानात आणि शिबिराची वाट पाहण्यात जाणाऱ्या आठवड्यांचा.

कारण आठवड्यांच्या हिशेबात दुसराच आजार उभा राहतो. फाटक्या पडद्याच्या भोकातून मागच्या थरातल्या रंगद्रव्य-पेशी सुटून पुढच्या गरात येतात. रक्त आणि पडदा यांच्यामधला बांध फुटलेला असल्यामुळे रक्तातली प्रथिने आणि वाढीला चालना देणारे घटकही तिथे पोहोचतात. या पोषक वातावरणात त्या पेशी आपले मूळ काम विसरतात, लांबट होतात, व्रण भरणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पापुद्रे विणतात. त्यांना वाट मोकळी करून देतात ती मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज नावाची विकरे, म्हणजे पेशींभोवतीची तंतूंची चौकट कापणारी प्रथिने. त्यांतले एक निरोगी गरातही थोडे असतेच. पण सुटलेल्या पडद्याच्या डोळ्यात या गटाचे प्रमाण वाढते आणि ज्यांच्यात ते जास्त वाढलेले असते त्यांच्यात पुढे पापुद्रे येण्याचा धोका अधिक असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. मग हे पापुद्रे आकसतात, पडद्याला चुण्या पडतात, बसवलेला पडदाही पुन्हा ओढला जातो. सुटलेल्या पडद्याच्या रुग्णांपैकी पाच ते दहा टक्क्यांत हे घडते आणि शस्त्रक्रिया अपयशी होण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. एकदा ते झाले की एका शस्त्रक्रियेच्या जागी दोन-तीन लागतात, डोळ्यात सिलिकॉन तेल भरावे लागते, ते काढायला पुन्हा टेबलावर जावे लागते, आणि एवढे करून पडदा बसला तरी नजर बऱ्याचदा बोटे मोजण्यापुरतीच उरते.

पेशी आणि विकरे ओळखीची झाली आहेत, तर त्यांना रोखणारे औषधच का देऊ नये? प्रयत्न पुष्कळ झाले. लंडनमध्ये धोका जास्त असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल आणि हेपॅरिन यांचे मिश्रण दिले गेले; २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत पापुद्र्यांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास आले आणि सगळ्यांच्या आशा पल्लवित झाल्या. पण २००७ मध्ये सहाशेहून अधिक सर्वसाधारण रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत तोच लाभ दिसला नाही. ज्यांचा मधला भाग शाबूत होता त्यांची नजर उलट थोडी खालावली. त्यानंतर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आजमावली जात आहेत, पण सर्वत्र मान्य झालेले एकही औषध अजून हाती नाही. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. जखम भरण्यासाठी शरीर जी विकरे वापरते तीच इथे घात करतात. त्यांना सरसकट बांधून टाकले तर भरून येणेही थांबते. औषध येईल तेव्हा येईल. तोवर या पेशींना गरात उतरायला आणि रुजायला वेळच न देणे, हेच हाती आहे.

भंडारा जिल्ह्यात हा वेळ कसा जातो, ते कळायला सर्वेक्षणाची गरज नाही. आजाराचा स्वभावच तसा आहे. तो दुखत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. आधी डोळ्यापुढे काळे ठिपके, जाळी किंवा माशा तरंगतात, कडेला वीज चमकल्यासारखे होते, मग एका बाजूने काळी सावली सरकू लागते. दुसरा डोळा चांगला असेल तर ही सावली दिवसेंदिवस लक्षातही येत नाही. एक डोळा हाताने झाकून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. आषाढात धानाची रोवणी चालू असताना न दुखणाऱ्या डोळ्यासाठी मजुरी बुडवून भंडाऱ्याला कोण जाणार? ज्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे त्याला वाटते, नंबर बदलला असेल. ज्याची झालेली नाही त्याला वाटते, मोतीबिंदू पिकतो आहे, शिबिर लागले की पाहू. मोतीबिंदूच्या बाबतीत वाट पाहिली तरी सहसा काही बिघडत नाही, हे आपण लोकांना चाळीस-पन्नास वर्षे शिकवले आहे. तीच सवय इथे डोळा घालवते.

आणि इथेच त्या पाण्यातल्या पेशींचा अभ्यास प्रयोगशाळेतून निघून ग्रामीण रुग्णालयाच्या टेबलावर येतो. विकरे मोजायची तर डोळ्यात सुई घालावी लागते. ते काम साकोलीत होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. पण गरात उतरलेल्या रंगद्रव्य-पेशी दिसतात. बाहुली मोठी करून, स्लिट लॅम्पचा अरुंद झोत भिंगाच्या मागे नेऊन, रुग्णाला वर-खाली बघायला लावले की तपकिरी कण हलताना नजरेस पडतात. डॉक्टरी भाषेत त्यांना तंबाखूची भुकटी म्हणतात, आणि बिड्या वळून पिढ्या जगवलेल्या या जिल्ह्यात ती कशी दिसते हे कुणाला समजावून सांगायला नको. अचानक ठिपके किंवा चमक दिसू लागलेल्या रुग्णांपैकी साधारण सातांत एकाचा पडदा फाटलेला असतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसले. त्याच आढाव्यानुसार ही भुकटी दिसली तर फाटण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते; दिसली नाही तर बरीच घटते, पण शून्य होत नाही. म्हणजे ही खूण पूर्ण तपासणीची जागा घेत नाही. ती क्रम लावून देते. भुकटी दिसली किंवा सावली आली असेल तर त्याच दिवशी रवाना करायचे. दिसली नाही तर आठवड्याच्या आत बाहुली मोठी करून जिल्हा रुग्णालयात संपूर्ण पडदा पाहायचा आणि सावली आली तर लगेच या, असे बजावून घरी पाठवायचे.

याने नागपूरला जाणाऱ्यांची रांग विनाकारण वाढेल, सातांपैकी सहा जण फुकट हेलपाटा मारतील, असा आक्षेप घेतला जाईल. म्हणूनच ही गाळणी गावाजवळ हवी. नेत्र चिकित्सा अधिकारी हे पद सरकारी रुग्णालयांत नवे नाही; चष्म्याचे नंबर काढणे, शाळातपासणी, मोतीबिंदूचे रुग्ण निवडणे ही कामे तेच करतात. स्लिट लॅम्पवर ही एक खूण ओळखायला त्यांना शिकवणे हे काही दिवसांच्या प्रशिक्षणाचे काम आहे, नव्या इमारतीचे नाही. जिथे स्लिट लॅम्प धूळ खात असेल तिथे आधी त्याचा दिवा बदलावा लागेल, इतकेच. जिल्ह्याचे तालुके सात: भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर. सातही ठिकाणी एक यंत्र आणि ते वापरणारा एक माणूस, एवढी ही मागणी आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. दहा हजारांत वर्षाला एखाद्याला होणाऱ्या आजारासाठी एवढी धावपळ कशाला, आधी मोतीबिंदू संपवा. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले, तेव्हा या म्हणण्यात तथ्य आहे आणि मोतीबिंदूच्या कामातला एक रुपयाही इकडे वळवू नये. पण हिशेब पुढे न्यायला हवा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या थोडी वर होती. जगभरातल्या पाहण्यांतले ढोबळ प्रमाण लावले तर वर्षाला शंभर-सव्वाशे डोळे होतात. हा अंदाज आहे, नोंद नाही, आणि नोंद नसणे हाच तक्रारीचा भाग आहे. शिवाय मोतीबिंदूची शस्त्रक्रिया स्वतःच पडदा सुटण्याचा धोका काही पटींनी वाढवते. शस्त्रक्रियेत भिंगामागचे आवरण फाटून गर पुढे आला असेल तर आणखी जास्त. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे हा धोका लहानच, टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्यामुळे कुणी मोतीबिंदू काढायला कचरू नये. मात्र जे शासन वर्षानुवर्षे लाखो मोतीबिंदू काढते आणि त्याचे आकडे अभिमानाने जाहीर करते, त्याने त्यातून वाढणाऱ्या छोट्या धोक्याची जबाबदारीही घ्यायला हवी. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हातात जो कागद पडतो त्यावर थेंबांच्या वेळांखाली तीन ओळी छापाव्यात: ठिपके अचानक वाढले, वीज चमकली, सावली आली तर त्याच दिवशी या, हे एखाद्या वर्षानेही होऊ शकते, दर आठवड्याला एक-एक डोळा झाकून पाहा. आशा सेविकेला या तीन ओळी तोंडपाठ करायला वेळ लागत नाही. मोतीबिंदूच्या रुग्णांची यादी तिच्याकडे तशीही असते.

मग भंडाऱ्यातच पडद्याची शस्त्रक्रिया सुरू करावी, अशी मागणी कुणी करेल, आणि राजकीय सभेत ती टाळ्याही घेईल. ती मागणी चुकीची वाटते. गर कापणारे यंत्र, वायू, सिलिकॉन तेल आणि मुख्य म्हणजे आठवड्याला अनेक डोळे हाताळून हात तयार राहिलेला शल्यविशारद, हे सगळे वर्षाला शंभर रुग्णांवर टिकत नाही. यंत्र येते, दोन वर्षांत तज्ज्ञ जातो, यंत्र कपड्याखाली झाकले जाते. नागपूर महामार्गाने साठेक किलोमीटरवर आहे. तिथे मेडिकल, मेयो आणि एम्स ही मोठी सरकारी रुग्णालये आहेत, पडद्याचे खासगी तज्ज्ञही आहेत. लाखांदूरच्या टोकाहून हे अंतर दुपटीच्या आसपास जाते हे खरे, पण अडचण किलोमीटरची नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारी तिथे पोहोचतो. तो निघतच नाही, किंवा निघून चिठ्ठीअभावी चुकीच्या रांगेत बसतो, ही अडचण आहे. भंडाऱ्यात खरोखर हवे आहे ते याआधीचे एक साधन: जिल्हा रुग्णालयात पडद्याच्या कडेपर्यंत पाहणारा प्रशिक्षित डॉक्टर आणि लेसर. पडदा फाटला आहे पण अजून उचलला गेलेला नाही, त्या टप्प्यावर भोकाभोवती लेसरचे डाग देणे हे बाह्यरुग्ण विभागातले काही मिनिटांचे काम असते, आणि बहुतेकांत पुढची सगळी कहाणी तिथेच थांबते. पेशी गरात रुजण्यापूर्वीच वाट बंद होते.

पैशांची बाजू पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता शिधापत्रिकेच्या रंगावर अडत नाही आणि कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. खर्चाचा खरा भार शस्त्रक्रियेनंतरचा असतो. डोळ्यात वायू भरला की रुग्णाला कित्येक दिवस सांगितलेल्या कोनात, बऱ्याचदा पालथे राहावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी हे आठवडे शस्त्रक्रियेपेक्षा महाग पडतात. उशिरा आलेल्याला हेच दोन-तीनदा सोसावे लागते. म्हणजे उशीर केवळ नजर घेत नाही, मजुरीही घेतो. आणि योजनेच्या तिजोरीलाही एका डोळ्यामागे तीन शस्त्रक्रियांचे बिल भरावे लागते.

२०२४ मध्ये भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. नव्या महाविद्यालयाला संशोधनासाठी काय विषय घ्यावा हा नेहमीचाच पेच असतो आणि बऱ्याचदा मोठ्या शहरांतल्या विषयांची नक्कल होते. या महाविद्यालयाच्या नेत्र विभागाने पहिली पाच वर्षे एक वही ठेवली तरी पुरे: जिल्ह्यातल्या प्रत्येक सुटलेल्या पडद्याचे पहिले लक्षण कधी, तपकिरी कण होते की नव्हते, ते कुणी पाहिले, नागपूरला किती दिवसांनी पोहोचला, सहा महिन्यांनी नजर किती. पाण्यातल्या विकरांवरचे जगभरचे संशोधन बहुतांशी अशा रुग्णांवर झाले आहे जे काही दिवसांत शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात. आठवड्यांनी आणि महिन्यांनी येणाऱ्या डोळ्यांत काय असते, त्यांतल्या कोणत्या डोळ्यात पापुद्रे येतात आणि कोणते सुदैवाने वाचतात, हे सांगू शकणारे रुग्ण आपल्याकडे आहेत. नागपूरच्या प्रयोगशाळांच्या मदतीने शस्त्रक्रियेतून निघणारे, एरवी फेकून दिले जाणारे ते दोन-चार थेंब, रुग्णाच्या संमतीने आणि तारखांसह जपले, तर त्यातून निघणारे उत्तर लंडनलाही उपयोगी पडेल. मात्र क्रम उलटा होता कामा नये. थेंब नंतर, तारखा आधी. आणि तारखांसाठी लागणारी वही जिल्हा शल्य चिकित्सकांच्या एका परिपत्रकाने, कोणत्याही नव्या तरतुदीशिवाय, पुढच्या महिन्यापासून सुरू होऊ शकते.